कोंडी-नियंत्रण आज्ञावलीची पडताळणी

कोंडी-नियंत्रण आज्ञावलीची पडताळणी : संगणकजालात वाहतुकीची कोंडी होऊ नये म्हणून प्रत्येक संगणकात जी आज्ञावली कार्य करीत असते, ती तत्संबंधीच्या प्रोटोकॉलच्या लिखित विनिर्देशाबरहुकूम आहे किंवा नाही, हे तपासण्याच्या पद्धतशीर क्रियेस ही संज्ञा लावतात. प्रोटोकॉल म्हणजे दोन संगणकांनी परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण करताना पाळावयाच्या नियमांचा संच. विनिर्देश म्हणजे त्या नियमांचा अधिकृत लेख. आणि आज्ञावली म्हणजे ते नियम प्रत्यक्षात पाळून दाखविणारी, संगणकाच्या भाषेत लिहिलेली सूचनांची मालिका होय. इतर बहुतेक आज्ञावल्यांतील दोष काम अडल्यामुळे उघडकीस येतो. कोंडी-नियंत्रणातील दोषाचे तसे नाही. ज्या संगणकात तो असतो त्याचे काम पुष्कळदा अधिकच वेगाने होते आणि त्याची झळ त्याच मार्गावरील इतरांस पोहोचते. ज्याच्या हाती दुरुस्ती आहे त्यास दोष जाणवत नाही व ज्यास तो जाणवतो त्यास त्याचे मूळ दिसत नाही. म्हणून आज्ञावली व विनिर्देश ही शेजारी ठेवून मुद्दाम तपासणी करणे, हाच तो शोधण्याचा खात्रीचा मार्ग ठरतो.

कोंडीचे स्वरूप : इंटरनेटवरून जाणारा मजकूर पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत विभागून पाठविला जातो. वाटेतील राउटर ही यंत्रे प्रत्येक पॅकेट पुढच्या दुव्यावर सोडतात. दुव्याच्या क्षमतेपेक्षा अधिक पॅकेटे आली, तर ती राउटरमधील रांगेत थांबतात. रांग भरली की, नंतर येणारी पॅकेटे टाकून दिली जातात. पाठविणाऱ्याने हरवलेली पॅकेटे पुन्हा पाठविली पाहिजेत. परंतु ती पूर्वीच्याच वेगाने पाठविली, तर भरलेल्या रांगेवर आणखी भार पडतो. अशा रीतीने दुवा सतत व्यग्र असूनही उपयुक्त मजकूर जवळजवळ पोहोचेनासा होतो. ह्या अवस्थेस कोंडीमुळे होणारा विध्वंस असे म्हणतात.

वाशिम जिल्ह्याच्या उदाहरणावरून हा प्रश्न स्पष्ट होईल. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा निर्माण झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. ग्रामपंचायती प्रकाशीय तंतूने तालुक्याच्या ठिकाणाशी जोडण्याची देशव्यापी योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली व पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. अशा रचनेत अनेक गावांची वाहतूक तालुक्याच्या ठिकाणी एकत्र येते आणि तेथून पुढचा दुवा सर्वांना सामाईक असतो. समजा, मानोरा तालुक्यातील एका गावी विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत आहे, दुसऱ्या गावी शेतकरी सोयाबीनचे बाजारभाव पाहत आहे आणि तिसऱ्या गावी कोणी मोठी चित्रफीत उतरवून घेत आहे. ह्या तिघांची पॅकेटे एकाच रांगेतून जातात. चित्रफीत किती वेगाने पाठवावयाची हे ती मागविणारा ठरवीत नाही. ते ती पाठविणाऱ्या दूरच्या संगणकातील कोंडी-नियंत्रण आज्ञावली ठरविते. त्या आज्ञावलीने मर्यादा सोडली, तर विद्यार्थ्याचा अर्ज मुदतीपूर्वी पोहोचत नाही. दोष परदेशातील संगणकात असतो आणि परिणाम मानोऱ्यात भोगावा लागतो. साधारण राउटर कोण नियम पाळतो व कोण मोडतो, हे पाहत नाही. सर्व व्यवस्था पाठविणाऱ्यांच्या स्वेच्छेने केलेल्या नियमपालनावर उभी आहे.

इतिहास : ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांमधील संदेशवहनाचा वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. ह्या दोन स्थळांमधील अंतर जेमतेम ४०० यार्ड, म्हणजे सु. ३६५ मी. होते. ह्या घटनेचा शोध घेऊन व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये कोंडी टाळण्याच्या पद्धतींवरील आपला प्रसिद्ध निबंध सादर केला आणि त्या पद्धती टीसीपी ह्या प्रोटोकॉलच्या आज्ञावलीत समाविष्ट झाल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आज्ञावली प्रथम प्रसृत झाली. तिचे नियम मात्र आरएफसी ह्या क्रमांकित दस्तऐवजमालेत स्वतंत्रपणे लेखबद्ध होण्यास १९९७ साल उजाडले (आरएफसी २००१). १९९९ मध्ये आरएफसी २५८१ व २००९ मध्ये आरएफसी ५६८१ ह्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. दरम्यानच्या काळात अनेक उत्पादकांनी आपापल्या समजुतीप्रमाणे आज्ञावल्या लिहिल्या होत्या आणि त्यांत परस्परांहून भिन्न असे दोष शिरले होते.

व्हर्न पॅक्सन यांनी १९९७ मध्ये जालावरून प्रत्यक्ष गेलेल्या पॅकेटांच्या नोंदी तपासून, पाठविणाऱ्याचे वर्तन नियमांशी जुळते की नाही हे ठरविणारे एक स्वयंचलित साधन सिद्ध केले. ह्या व अशा इतर निरीक्षणांवर आधारलेली ज्ञात दोषांची यादी मार्च १९९९ मध्ये आरएफसी २५२५ म्हणून प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक दोषाचे वर्णन, त्याचे गांभीर्य, तो दाखविणारी पॅकेटांची नोंद, तो ओळखण्याची रीत व त्यावरील उपाय दिलेले आहेत. पडताळणीच्या क्षेत्रात ही यादी अद्यापि उपयुक्त मानली जाते.

नियमांची रूपरेषा : पोच न मिळालेला किती मजकूर एका वेळी मार्गावर असू द्यावा, ह्याची पाठविणाऱ्याने स्वतःवर घातलेली मर्यादा म्हणजे कोंडी-खिडकी होय. आरंभी ही खिडकी लहान असते. ‘संथ आरंभ’ ह्या अवस्थेत प्रत्येक पोचेमागे ती जास्तीत जास्त एका पॅकेटाने वाढते. त्यामुळे मजकूर जाऊन त्याची पोच परत येण्यास लागणाऱ्या प्रत्येक फेरीत ती जवळजवळ दुप्पट होते. एक ठराविक उंबरठा ओलांडल्यावर ‘कोंडी टाळण्याची’ अवस्था सुरू होते व मग दर फेरीस सु. एका पॅकेटाचीच वाढ होते. पॅकेट हरवल्याचे आढळताच उंबरठा त्या वेळी मार्गावर असलेल्या मजकुराच्या निम्म्यावर, परंतु दोन पॅकेटांहून कमी नाही एवढ्यावर आणतात. पोचेची मुदत टळली, तर खिडकी एका पॅकेटापर्यंत खाली आणून पुन्हा संथ आरंभ करावा लागतो. तेच पॅकेट पुन्हा हरवल्यास मुदत दर वेळी दुप्पट करावी लागते. सावकाश वाढणे आणि झपाट्याने माघार घेणे, हे ह्या नियमांचे सार होय.

विनिर्देशातील प्रत्येक वाक्याचे बळ सारखे नसते. काही वर्तन अनिवार्य, काही उचित आणि काही ऐच्छिक असते, व हे भेद दर्शविणारे शब्द १९९७ मध्ये आरएफसी २११९ द्वारे निश्चित करण्यात आले. त्यामुळे आज्ञावलीत दिसलेला प्रत्येक फरक दोष ठरत नाही. उचित म्हटलेला नियम सबळ कारणाने सोडता येतो. अनिवार्य नियम सोडता येत नाही. पडताळणी करणाऱ्यास म्हणून प्रथम विनिर्देशातील वाक्ये अलग करून त्यांची प्रतवारी लावावी लागते.

दोषांचे प्रकार : पुढील चार उदाहरणे प्रातिनिधिक आहेत.

(१) चुकीची राशी घेणे : उंबरठा ठरविताना मार्गावरील मजकूर विचारात घ्यावयाचा असतो, खिडकी नव्हे. समजा, खिडकी २० पॅकेटांची आहे. पण पाठविण्यासारखे थोडेच असल्याने प्रत्यक्षात ६ पॅकेटे मार्गावर आहेत. एक पॅकेट हरवले, तर नवा उंबरठा ३ पॅकेटे हवा. आज्ञावलीत खिडकीचीच निम्मी राशी घेतली असेल, तर तो १० होतो. माघार घेतल्याचा देखावा होतो, पण मर्यादा मार्गावरील मजकुरापेक्षा मोठीच राहते. ही चूक सहज होण्यासारखी असल्याचा इशारा आरएफसी ५६८१ मध्येच दिलेला आहे.

(२) जादा बेरीज : काही जुन्या आज्ञावल्यांत कोंडी टाळण्याच्या अवस्थेत प्रत्येक पोचेमागे योग्य वाढीखेरीज पॅकेटाचा आठवा हिस्सा अधिक मिळविला जात असे. खिडकी ४० पॅकेटांची असल्यास आणि प्रत्येक पॅकेटाची स्वतंत्र पोच येत असल्यास एका फेरीनंतर ती ४१ व्हावयास हवी. ह्या जादा बेरजेमुळे ती सु. ४६ होते व पुढील फेरीत सु. ५३. सरळ रेषेतील वाढीऐवजी चक्रवाढ सुरू होते. आज्ञावलीतील एका छोट्या पदाचा हा परिणाम आहे.

(३) पोचांची संख्या मोजणे : मजकूर स्वीकारणाऱ्याने एका पॅकेटाची पोच दहा तुकड्यांत दिली आणि पाठविणाऱ्याने प्रत्येक तुकड्यामागे खिडकी एका पॅकेटाने वाढविली, तर दहापट वाढ होते. स्टीफन सॅव्हेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा लबाडीची शक्यता दाखवून दिली. पोचा किती आल्या हे न मोजता त्यांनी नव्याने किती बाइट पोहोचल्याचे सांगितले ते मोजावे, असा उपाय आरएफसी ५६८१ मध्ये सुचविला आहे.

(४) अंकगणितातील दोष : खिडकीची वाढ काढताना पॅकेटाच्या आकाराच्या वर्गास खिडकीने भागतात. पूर्णांकी भागाकारात खिडकी फार मोठी असल्यास उत्तर शून्य येते व वाढ खुंटते. अशा वेळी निदान एक बाइट वाढवावा लागतो. तसेच मजकुराचे क्रमांक ३२ बिटांत लिहिले जात असल्याने सु. ४२९ कोटी बाइटांनंतर ते पुन्हा शून्यापासून सुरू होतात. सेकंदास १०० कोटी बिट वाहणाऱ्या दुव्यावर ही वेळ सु. ३४ सेकंदांतच येते. दोन क्रमांकांतील लहानमोठेपणा साध्या तुलनेने ठरविणारी आज्ञावली तेथे फसते.

पडताळणीच्या पद्धती : सर्वांत जुनी पद्धत म्हणजे वाचन. विनिर्देशाचे एकेक वाक्य घेऊन आज्ञावलीतील संबंधित ओळ शोधावयाची व दोन्ही जुळतात का ते पाहावयाचे. ही पद्धत कष्टाची असली, तरी चुकीची राशी घेण्यासारखे दोष तिनेच लवकर सापडतात. दुसरी पद्धत बाह्य निरीक्षणाची. तीत आज्ञावली उघडून न पाहता तिच्यातून बाहेर पडलेल्या पॅकेटांवरून तिचे वर्तन अनुमानाने काढतात. आज्ञावली गुप्त ठेवली असल्यास हाच मार्ग उरतो. तिसरी पद्धत रचित प्रसंगांची. ‘अमुक क्षणी अमुक पोच द्या, मग अमुक पॅकेट अमुक वेळेत बाहेर पडले पाहिजे’ अशी संहिता लिहून ती आज्ञावलीपुढे चालवितात. पॅकेटड्रिल हे ह्या प्रकारचे साधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

ह्या तिन्ही पद्धतींनी दोष असल्याचे सिद्ध होते; तो नसल्याचे सिद्ध होत नाही. त्यासाठी गणितीय पद्धती वापरतात. प्रतिमान-तपासणीत आज्ञावली ज्या ज्या अवस्थांत जाऊ शकते, त्यांचा यंत्राकडून पद्धतशीर धांडोळा घेतला जातो. मदनलाल मुसुवती व डॉसन एंग्लर यांनी २००४ मध्ये लिनक्स ह्या प्रणालीतील टीसीपीची ह्या रीतीने तपासणी करून त्यात दोष दाखवून दिले. ह्याहून निराळा मार्ग केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी अनुसरला. त्यांनी इंग्रजी गद्यातील विनिर्देश अपुरा मानून टीसीपीचे वर्तन तर्कशास्त्राच्या काटेकोर भाषेत नव्याने लिहिले आणि फ्रीबीएसडी, लिनक्स व विंडोज एक्सपी ह्या तीन प्रणालींच्या प्रत्यक्ष नोंदी त्या लेखाशी ताडून पाहिल्या (२००५). ही तुलना करताना कित्येक ठिकाणी विनिर्देशच संदिग्ध असल्याचे आढळणे स्वाभाविक असते. गद्यातील जे वाक्य वाचताना पुरेसे वाटते, तेच यंत्राला सांगावयाचे झाल्यास अपुरे पडते.

प्रमाण कोणते? : आज्ञावली आणि लेख यांत विरोध आढळल्यास लेख प्रमाण मानावा, हा सर्वसाधारण नियम होय. व्यवहारात मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा असतो. क्यूबिक ही कोंडी-नियंत्रणाची पद्धत २००६ पासून लिनक्समध्ये प्रमुख पद्धत म्हणून वापरात आली. तिचे वर्णन आरएफसी ८३१२ मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झाले आणि मानक म्हणून आरएफसी ९४३८ हा लेख २०२३ मध्ये निघाला. क्यूबिकमध्ये खिडकीचा आकार शेवटच्या पॅकेटहानीपासून किती वेळ लोटला, त्यावर घनफलाच्या वक्रानुसार ठरतो. लिनक्समधील आज्ञावली पाठविणारा काही काळ स्वस्थ बसला असता तो काळही हिशेबात धरीत असे. परिणामी विश्रांतीनंतर खिडकी एकदम फुगे. २०१५ मध्ये हा दोष दुरुस्त करण्यात आला आणि त्या दुरुस्तीतही काळ भविष्यात मोजला जाण्याची शक्यता आढळल्याने तिची पुन्हा दुरुस्ती करावी लागली. जवळजवळ नऊ वर्षे असंख्य संगणकांत हा दोष वावरला. कारण त्याने कोणाचे काम अडत नव्हते.

२०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक ह्या प्रोटोकॉलमुळे पडताळणीची निकड वाढली आहे. टीसीपीची आज्ञावली संगणकाच्या मूळ प्रणालीत असते व तिचे मोजकेच प्रकार प्रचारात आहेत. क्विकची आज्ञावली मात्र प्रत्येक संस्था आपल्या अनुप्रयोगाबरोबर स्वतंत्रपणे लिहू शकते व वारंवार बदलू शकते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये अशा अनेक आज्ञावल्यांची तुलना केली असता, एकाच नावाची पद्धत निरनिराळ्या आज्ञावल्यांत निरनिराळी वागते, असे दिसून आले.

विनिर्देशाची परीक्षा : आज्ञावली विनिर्देशाशी तंतोतंत जुळली, तरी विनिर्देशात सांगितलेली पद्धतच सदोष असू शकते. हा प्रश्न मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील वेंकट अरुण, हरी बालकृष्णन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हाताळला. बालकृष्णन यांचा जन्म नागपूरचा. संगणकजालांवरील कार्याबद्दल त्यांना २०२३ चे मार्कोनी पारितोषिक मिळाले. ह्या गटाने दुवा व त्यावरील विलंब यांचे गणितीय प्रतिमान बनविले आणि ‘ह्या मर्यादांत राहून मार्ग कितीही लहरीपणे वागला, तरी ही पद्धत दुव्याचा पुरेसा उपयोग करील काय’, असा प्रश्न तर्कसूत्रे सोडविणाऱ्या यंत्रास विचारला. उत्तर नकारार्थी असल्यास यंत्र पद्धत फसते तो प्रसंगच समोर ठेवते. पुढील वर्षी त्यांनी असेही दाखविले की, विलंब मर्यादित ठेवू पाहणाऱ्या पद्धतींच्या एका मोठ्या वर्गात, मार्गावरील विलंब अनियमित असल्यास, एखाद्या प्रवाहाच्या वाट्याला जवळजवळ काहीच न येणे, म्हणजे त्याची उपासमार होणे, शक्य असते.

महाराष्ट्रातील स्थिती : भारतातील शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या एर्नेट ह्या जालाचा आरंभ १९८६ मध्ये, म्हणजे जेकबसन यांच्या लक्षात कोंडी आली त्याच वर्षी झाला. त्यात मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र व पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था ह्या दोन संस्था आरंभापासून सहभागी होत्या. १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांस इंटरनेटची सेवा उपलब्ध केली. आज्ञावल्यांच्या गणितीय पडताळणीची परंपराही राज्यात आहे. पवईच्या संस्थेत ह्या विषयाचे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले, तर पुण्यातील टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात (स्थापना १९८१) तयार झालेल्या व्हेरिअ‍ॅब्ज ह्या साधनाने आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात अग्रस्थान मिळविले. हे कार्य मुख्यतः कोंडी-नियंत्रणाबाहेरील आज्ञावल्यांविषयीचे असले, तरी त्यातील तत्त्वे येथेही लागू पडतात.

मर्यादा : पडताळणीने आज्ञावली व लेख यांतील मेळ सिद्ध होतो, मार्गावर न्याय्य वाटणी होईलच, हे सिद्ध होत नाही. गणितीय प्रतिमानात दुवा एक व प्रवाह थोडे असतात. प्रत्यक्ष जालात दोन्ही अगणित असतात. शिवाय आज्ञावली बदलत राहते आणि प्रत्येक बदलानंतर पडताळणीचा निष्कर्ष पुन्हा तपासावा लागतो. राउटरमध्येच प्रत्येक प्रवाहासाठी वेगळी रांग ठेवण्याची पद्धत दोषी पाठविणाऱ्यास आवर घालू शकते. पण ती सर्वत्र बसविलेली नाही. जेथे दुवे मुबलक आहेत तेथे नियमभंग झाला, तरी तो फारसा जाणवत नाही. जेथे अनेक गावांचा भार एका दुव्यावर आहे, तेथे आज्ञावलीतील एका चुकीच्या पदाची किंमत त्या गावांतील वापरणाऱ्यांस मोजावी लागते. आणि ती चूक शोधण्याचे साधन त्यांच्या हाती नसते. म्हणूनच ही पडताळणी करण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर येते.